सगळं ठाऊक असलेला पाहुणा

१९५१ च्या ‘लोबेर्ज रूज’ या फ्रेंच चित्रपटात एक अगदी छोटी गोष्ट घडते आणि चित्रपट संपला तरी ती डोक्यातून जात नाही. पेरबेय नावाच्या ठिकाणची, डोंगरमाथ्यावरची एकाकी सराई, बाहेर बर्फ, आत पेटलेली चूल. सराईची मालकीण मारी हिला मनावरचं ओझं उतरवायचं आहे, आणि नेमका त्याच रात्री कॅपुचिन पंथाचा एक ख्रिस्ती साधू दारात येऊन उभा राहिला आहे. पापनिवेदन करायचं तर धर्मगुरू आणि निवेदन करणारी बाई यांच्यामध्ये जाळी हवी. चर्च जवळपास नाही, लाकडी कठडा नाही, पडदा नाही. मग स्वयंपाकघरातली भाजायची लोखंडी जाळी कामाला येते. तिच्या एका बाजूला साधूचा कान, दुसऱ्या बाजूला मारीचं तोंड. त्या भोकांमधून ती शांतपणे सांगू लागते, की या घरात मुक्कामाला उतरलेल्या प्रवाशांना आम्ही नवरा-बायको वर्षानुवर्षं मारत आणि लुटत आलो आहोत. प्रेक्षक हसतो तो जाळीला. ज्या बाईला माणसं मारताना हात आखडता घ्यावासा वाटला नाही, तिला जाळीशिवाय कबुली देणं मात्र चालत नाही. आणि ज्याने हे ऐकलं, त्याची तर आता सुटकाच नाही. आजची रात्र प्रवाशांनी भरलेली आहे, त्यांचं काय होणार हे त्याला ठाऊक आहे, आणि ते सांगायला त्याला बंदी आहे.

त्या बंदीचं वजन नीट कळलं नाही तर हा चित्रपट नुसता फार्स वाटतो. म्हणून जरा नियमांच्या वाटेने जाऊ. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायलाच हवं, हा दंडक कॅथलिक चर्चने १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत घातला, आणि त्याच कलमात गुप्ततेचाही नियम आला. जो धर्मगुरू ऐकलेलं पाप शब्दाने, खुणेने किंवा आणखी कुठल्या मार्गाने उघड करील त्याला पदावरून काढायचं, आणि एवढ्यावर न थांबता जन्मभराच्या प्रायश्चित्तासाठी कडक मठात कोंडायचं. खुणेने, हा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. जाळी आली त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्चच्या बांधकामासाठी जे बारीकसारीक नियम लिहिले त्यांत पापनिवेदनाच्या लाकडी खोक्याची आणि मधल्या छिद्रांच्या पत्र्याची मापं आहेत, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने ती जाळी सगळीकडे नेली. तिचा हेतू दुहेरी होता. स्त्रीच्या आणि धर्मगुरूच्या मध्ये अंतर राहावं, आणि कोणाचाही संशय घ्यायला जागा उरू नये. चित्रपटातल्या मारीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. लहानपणापासून जाळीतूनच बोललेली बाई ती, जाळी नसेल तर आपली कबुली देवापर्यंत पोहोचणारच नाही असं तिला वाटत असणार.

याहून घट्ट गाठ १६८२ ची आहे. त्या वर्षी रोमने स्पष्ट केलं, की पापनिवेदनातून मिळालेली माहिती तोंडाने न सांगताही वापरता येणार नाही, जर त्या वापरामुळे निवेदन करणाऱ्याला जाच होणार असेल तर. म्हणजे नुसतं गप्प राहून भागत नाही. ऐकलेल्या गोष्टीच्या आधारे काही हालचाल करणंसुद्धा अडचणीत येतं. आता चित्रपटातल्या साधूकडे पाहा. त्याला काय काय करता येतं? पश्चात्ताप खरा नाही असं वाटलं तर तो पापक्षमा नाकारू शकतो. हे थांबवा, म्हणून मारीपुढे हात जोडू शकतो. देवाची प्रार्थना करू शकतो. इथे यादी संपते. प्रवाशांना “पळा” म्हणता येत नाही, दाराकडे बोट दाखवता येत नाही, ताटातल्या घासाकडे नजर वळवून भुवई उंचावता येत नाही. नियमाचा काटेकोर अर्थ लावला तर त्याने रात्रभर जी धडपड केली तीही सीमारेषेवरचीच ठरते. झाँ ओराँश आणि पिएर बोस्त या पटकथाकारांनी दिग्दर्शक क्लोद ओताँ-लारा यांच्यासोबत नेमकी ही सीमारेषा पकडली आणि शंभरेक मिनिटं तिच्यावरून माणसाला चालवलं.

हसू येतं ते याच्यामुळे.

काळ्या विनोदात सर्वांत अवघड प्रश्न असतो माहितीच्या वाटपाचा. कोणाला काय ठाऊक आहे आणि केव्हापासून. प्रवाशांना खूप उशिरा कळलं तर ते निव्वळ बळी ठरतात आणि हसू गोठतं. लवकर कळलं तर पळापळ सुरू होते, ती थरारपटाची. इथे लेखकांनी तीन थर केले आहेत. मारेकऱ्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते निवांत आहेत. प्रवाशांना काही ठाऊक नाही आणि तेही निवांत आहेत. मध्ये एकटा साधू, ज्याला सगळं ठाऊक आहे आणि ज्याच्या जिवाची घालमेल बाकीच्यांना वेडेपणा वाटते. तो प्रवाशांना झोपू द्यायला तयार नसतो, पण का ते सांगत नाही. कारणं देतो ती सगळी खोटी, हेतू मात्र खरा. माणूस खोटं बोलताना अडखळतो तसा तो खरं वाचवताना अडखळतो. प्रवासी वैतागतात, आणि त्यांचा वैताग अगदी रास्त वाटतो. थंडीने गारठलेल्या, पोटभर जेवलेल्या माणसांना बिछाना दिसतोय आणि एक दाढीवाला त्यांना जागं ठेवतोय. अशा वेळी प्रेक्षकाची सहानुभूती क्षणभर प्रवाशांकडे झुकते, आणि लगेच लक्षात येतं की ती झुकली तर ते मरणार आहेत. हे झुलणं चित्रपटभर चालू राहतं.

साधूच्या बरोबर एक तरुण शिकाऊ साधू आहे, आणि सराईवाल्यांना एक मुलगी आहे. दोघं एकमेकांत गुंततात. मग त्याच घरात, त्याच रात्री लग्न लागतं. लग्नविधी जितका लांबेल तितकी पहाट जवळ येणार, हा साधूचा हिशेब. विधी हा त्याला उपलब्ध असलेला एकमेव अडथळा आहे, कारण विधीमध्ये बोलायची त्याला मुभा आहे. ज्याला एक साधं वाक्य उच्चारायला बंदी, तो पाठ असलेले मंत्र मात्र हवे तितके म्हणू शकतो. पटकथेची ही चाल मला फार मोठी वाटते. नियमाने एक तोंड बांधलं तर त्याच नियमांच्या पोथीतून दुसरं तोंड शोधायचं. आणि प्रवासी? ते लग्नाला हजर राहतात, कंटाळतात, आपल्या मानापमानात गुंग राहतात. ओताँ-लारा यांनी ही माणसं चांगल्या घरची, बोलायला चटपटीत आणि मनाने कोती अशी रंगवली आहेत. आपल्यापलीकडे कोणाचं ऐकायची त्यांना सवयच नाही. साधूला बोलायची परवानगी मिळाली असती तरी यांनी ऐकलं असतं का, ही शंका चित्रपट हळूहळू मनात पेरतो.

बर्फाच्या बाहुल्याचं प्रकरणही याच माळेतलं. प्रवासी येण्याआधी सराईवाल्यांनी माकड घेऊन फिरणाऱ्या एका वाजंत्र्याला संपवलेलं आहे. प्रेत लपवायला जागा नाही, जमीन गोठलेली. मग त्याच्याभोवती बर्फ थापून अंगणात बाहुला उभा केला जातो. साक्ष अशी डोळ्यांसमोर उभी आहे आणि तिला कोणी साक्ष म्हणून ओळखत नाही. माकड मात्र मोकळं सुटलेलं आहे. त्याला कुठलाही नियम लागू नाही, आणि त्याला बोलताही येत नाही. चित्रपटात जो बोलू शकतो त्याला बोलायचं नाही, आणि जे सांगू पाहतं त्याला वाचा नाही. पोलिसांसमोर अखेर खून उघडा पडतो तो त्या बाहुल्यातून. साधूच्या तोंडून एक अक्षरही बाहेर पडलेलं नसतं.

दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, हिचकॉकने ‘आय कन्फेस’ केला. तिथेही धर्मगुरूपुढे खुनाची कबुली येते, तिथेही जीभ बांधलेली. क्वेबेकमधला तो तरुण फादर स्वतःच संशयित ठरतो आणि चेहऱ्यावर हुतात्म्याची शांतता घेऊन वावरतो. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले की हसवणाऱ्याचं पारडं जड वाटतं. हिचकॉकच्या फादरच्या गप्प बसण्याने धोका मुख्यतः त्याच्या स्वतःच्या मानेला आहे, त्यामुळे त्याचं मौन उदात्त दिसतं. फ्रेंच साधूच्या मौनाची किंमत दुसऱ्यांच्या माना देणार आहेत. त्याला उदात्त दिसायची सोयच नाही. त्याला घाम फुटतो, तो चिडतो, खोटं बोलतो, धावतो. गुप्ततेच्या नियमातला खरा पेच कुठे आहे हे या धावपळीतून जास्त कळतं.

साधू झालेला फेर्नांदेल हा त्या काळचा फ्रान्सचा सर्वांत लाडका विनोदी नट. मार्सेयचा, घोड्यासारखे मोठे दात, लांब जबडा आणि दक्षिणेचा ठसठशीत हेल. लोक त्याला पाहताच हसायचे. त्याच्या चेहऱ्याचं हे भांडवल ओताँ-लारा यांनी उलटं वापरलं. हसू यावं असा चेहरा, आणि त्यावर खरी भीती. त्याच्या समोर फ्राँस्वाज रोझे आणि जुलियँ कारेत. रोझे साठीच्या, रुबाबदार, गंभीर भूमिकांत मुरलेल्या. त्या मारीला एकदाही विनोदी करत नाहीत. घरचं काम उरकणाऱ्या बाईच्या सुरात त्या खुनांबद्दल बोलतात. कारेत म्हणजे ‘ला रेग्ल द्यु झ्यू’ या चित्रपटातला चोरटा शिकारी, चपळ, किरकोळ अंगाचा, डोळ्यांत मिश्किली. बायकोच्या भक्तीमागे घुटमळणारा नवरा त्याने अगदी सहज उभा केलाय. अशा कथेत मारेकऱ्यांनी विनोद करायचा नसतो, हा नियम रोझेंनी पाळला आणि चित्रपट त्यावर तरला.

फेर्नांदेल स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता. पूर्ण झालेला चित्रपट चर्चची आणि श्रद्धेची टर उडवतो हे त्याला फार लागलं, आणि दिग्दर्शकाशी त्याचं बिनसलं. त्याचा राग समजण्यासारखा आहे. ओताँ-लारा आणि ओराँश दोघंही धर्मसत्तेचे कडवे विरोधक होते, आणि पुढे १९५४ मध्ये तरुण समीक्षक त्र्युफोने ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकातल्या गाजलेल्या लेखात ओराँश-बोस्त जोडीवर जी तोफ डागली तिच्यात हा आरोपही होता. पण पडद्यावर जे उतरलं आहे ते या सगळ्यांच्या हेतूंपेक्षा मोठं आहे असं मला वाटतं. नियम खुळा आहे एवढंच म्हणायचं असतं तर साधूला तो मोडायला लावणं सोपं होतं. तो मोडत नाही. आपल्या मर्यादेत राहून, जीव तोडून प्रयत्न करतो. फेर्नांदेलच्या श्रद्धेचा अंश त्या भूमिकेत नकळत मिसळला आहे, आणि त्यामुळे टिंगल करायला घेतलेला साधू चित्रपटातला एकमेव सज्जन ठरतो. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, फेर्नांदेल पडद्यावर डॉन कामिलो नावाचा फादर झाला. त्या फादरशी क्रुसावरचा ख्रिस्त चक्क गप्पा मारतो, चुकलं तर कान उपटतो. पेरबेयच्या साधूला वरून एकही शब्द आला नव्हता.

पेरबेय हे नाव खरं आहे. आर्देश प्रांतात, ल प्वी आणि ओबना यांच्यामधल्या डोंगरी रस्त्यावर, बाराशे मीटरहून जास्त उंचीवरच्या उजाड पठारावर ही सराई उभी होती आणि आजही आहे. हिवाळ्यात तिथे ‘ब्युर्ल’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो पडलेला बर्फ पुन्हा उचलून रस्त्यावर रचतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही वाट बुजते. खेचरांचे तांडे, जनावरांचे व्यापारी, बाजार करून कनवटीला रोकड बांधून परतणारे शेतकरी यांना दिवा दिसेल त्या दारात शिरण्यावाचून गत्यंतर नसे. अशा ठिकाणी यजमान आणि पाहुणा यांचं नातं मुळातच विषम असतं. पाहुण्याने दार निवडलेलं नसतं.

सराई चालवायचे पिएर मार्तँ आणि त्याची बायको मारी ब्रेस. ऑक्टोबर १८३१ मध्ये झाँ-आंत्वान आँझोल्रा नावाचा म्हातारा शेतकरी हरवलेली कालवड शोधत असताना नाहीसा झाला. दोनेक आठवड्यांनी त्याचं प्रेत आल्ये नदीच्या काठी सापडलं, डोकं फुटलेलं. मार्तँ, मारी, त्यांचा नोकर झाँ रोशेत आणि एक पुतण्या पकडले गेले. जून १८३३ मध्ये प्रिव्हाच्या न्यायालयात आठवडाभर खटला चालला. शंभराहून जास्त साक्षीदार आले आणि त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं ते ऐकीव. कोणाला रात्री किंकाळी ऐकू आल्याचं कळलं होतं, कोणाला चादरीवर डाग दिसल्याचं, कोणाला धुराड्यातून घाणेरडा वास येत असल्याचं. खटला फिरवणारा साक्षीदार ठरला लोराँ शाझ नावाचा भिकारी. पैसे नाहीत म्हणून त्याला सराईतून बाहेर काढलं होतं, तो शेडमध्ये लपून राहिला आणि त्याने खून होताना पाहिलं, असं त्याचं म्हणणं. तो बोलला ते डोंगरातल्या ऑक्सितान बोलीत. न्यायालयाची भाषा फ्रेंच. पुतण्या सुटला, बाकीचे तिघे आँझोल्राच्या खुनात दोषी ठरले. राजा लुई-फिलिपने दयेचा अर्ज मंजूर केला नाही, आणि २ ऑक्टोबर १८३३ ला त्या तिघांना डोंगर चढवून वर आणून त्यांच्याच सराईसमोर, प्रचंड गर्दीच्या साक्षीने, गिलोटिनखाली देण्यात आलं.

सिद्ध झाला तो एक खून. लोकांच्या तोंडी राहिले पन्नासाहून जास्त.

हे पन्नास कुठून आले याचा विचार केला की दंतकथा कशी शिजते ते दिसतं. प्रेतं कुठे गेली, या प्रश्नाला उत्तर हवं होतं म्हणून भट्टी आली. सराईला पाव भाजायची भट्टी होतीच, तिच्यात माणसं जाळली असं ठरलं. पण लाकडावर तापवलेली पावाची भट्टी भाजणीच्या वेळी अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास असते. आजच्या विद्युत किंवा गॅसच्या दाहिनीत प्रेताची राख व्हायला ८०० ते १००० अंश तापमान आणि दीड-दोन तास लागतात, आणि तरीही हाडांचे तुकडे उरतात, ते वेगळे दळावे लागतात. घरगुती भट्टीत रात्रीतून माणूस नाहीसा होत नाही. अर्धवट जळलेलं मांस, चरबीचा धूर, कवटी, मांड्यांची हाडं, दात, बुटांचे खिळे, बक्कल, असं सगळं उरतं आणि ते पुन्हा कुठेतरी पुरावं लागतं. दुसरी गोष्ट त्याहून साधी. घरात अशी भट्टी हाताशी असलेल्या माणसांनी आँझोल्राचं प्रेत नदीकाठापर्यंत कशाला वाहून नेलं असतं? जे एकमेव प्रेत सापडलं त्यानेच भट्टीची गोष्ट खोटी पाडली. लोकांनी मात्र भट्टी ठेवली, आणि पुढे त्यात प्रवाशांना वाढलेल्या मांसाचीही भर घातली. मार्तँ कुटुंब आजूबाजूच्या मानाने सधन होतं. गरीब डोंगरात सराईवाल्याकडे पैसा जमला तर तो कसा जमला, याचं उत्तर शेजाऱ्यांच्या मनात बहुधा आधीच तयार असतं. मार्तँने आँझोल्राला मारलं असेलही. पण बाकीचे खून कागदोपत्री कुठेच नाहीत, आणि ज्यांच्यावर ते लादले गेले त्यांना ते खोडून काढायला वेळ मिळाला नाही.

ओताँ-लारा यांनी बाजू घेतली ती दंतकथेची. चित्रपट उघडतो तो गायक इव्ह मोंताँच्या आवाजातल्या शोकगीताने. गाजलेल्या गुन्ह्यावर गाणं रचायचं, एका कागदावर चित्रासकट छापायचं आणि बाजारात गाऊन विकायचं ही फ्रान्सची जुनी रीत. १८१७ मध्ये रोदेझ गावात फ्युआल्देस नावाच्या माजी न्यायाधिकाऱ्याचा खून झाला, त्यावरच्या गाण्याची चाल इतकी रुळली की पुढचे कितीतरी गुन्हे त्याच चालीवर गायले गेले. त्यामुळे मोंताँचा आवाज ऐकू येताच फ्रेंच प्रेक्षकाला कळतं, की आता ऐकायचं आहे ते बाजारातलं सत्य, न्यायालयातलं नव्हे. ही प्रामाणिक सुरुवात आहे. पहिल्याच मिनिटाला चित्रपट सांगून टाकतो की मी अफवेच्या बाजूने बोलतोय. विनोदालाही अफवाच लागते. एका म्हाताऱ्याचा झालेला खून हा पोटात कालवणारा विषय आहे, त्यावर हसवता येत नाही. आकडा अशक्य झाला, भट्टी राक्षसी झाली, की मग मारी जाळीतून हिशेब द्यायला मोकळी होते.

एका ठिकाणी मात्र अफवेची बाजू घेणं मला खटकत राहतं. खरा रोशेत तिथल्याच मातीतला शेतमजूर होता. त्याच्या वर्णाबद्दलच्या कहाण्या नंतर चिकटल्या, आणि चित्रपटाने त्याला ‘फेतिश’ नावाचा काळा नोकर करून टाकलं. मालकाच्या हुकमावर मारणारा, अंगाने दांडगा, बाकी काहीच नसलेला. बाकी सगळ्यांची खिल्ली त्यांच्या वागण्यावरून उडते. याची भीती फक्त त्याच्या कातडीवरून घालायची आहे. चर्च, सरकार, सुखवस्तू माणसं यांपैकी कोणालाही न सोडणाऱ्या दिग्दर्शकाने इथे सोपा रस्ता धरला. ओताँ-लारा १९८९ मध्ये, आयुष्याच्या अखेरीकडे, फ्रान्समधल्या अतिउजव्या पक्षातर्फे युरोपीय संसदेवर निवडून गेले आणि काही महिन्यांतच ज्यूद्वेष्ट्या बोलण्यामुळे त्यांना पायउतार व्हावं लागलं. ते कळल्यानंतर फेतिशचे प्रसंग पुन्हा पाहताना बसल्या जागी अवघडायला होतं. चित्रपटावरचं प्रेम त्याने संपत नाही, पण ते पूर्वीइतकं निर्धास्तही राहत नाही.

ओताँ-लारा सिनेमात आले ते नेपथ्य आणि वेशभूषा करत, मार्सेल लेर्बिए आणि झाँ रन्वार यांच्या मूकपटांसाठी. त्यामुळे ही सराई त्यांनी घरासारखी न बांधता सापळ्यासारखी बांधली आहे. नेपथ्यकार माक्स दुई. बाहेरचा बर्फ बराचसा स्टुडिओतला आहे आणि तो तसा दिसतोही. खऱ्या बर्फात श्वासाची वाफ दिसते, पावलं खोल रुततात, प्रकाश खालून वर येतो. इथे प्रकाश नाटकासारखा वरून येतो आणि बर्फ स्वच्छ, कोरडा, कापसाच्या पोतासारखा राहतो. कोणाला हा दोष वाटेल. मला तो या कथेला साजेसा वाटतो, कारण खरी थंडी पडद्यावर आली असती तर खरं मरणही आलं असतं. बाहुल्यात लपवलेल्या प्रेताला हसता येतं ते बाहुला रंगमंचावरचा आहे म्हणून.

याचा पडताळा २००७ मध्ये मिळाला. जेरार क्राव्हचिक यांनी तीच गोष्ट पुन्हा केली, रंगीत, पिरेनीजच्या डोंगरांत नेऊन. सराईवाले क्रिस्तियाँ क्लाव्हिए आणि झोझियान बालास्को, धर्मगुरू जेरार झुन्यो. तिघेही एका नाट्यसंघातून आलेले, एकमेकांच्या टायमिंगला सरावलेले, लोकप्रिय नट. आणि तिथेच घोळ झाला. सगळेच विनोदी असले की साधूची घालमेल वेगळी दिसत नाही. बालास्को चांगल्या अभिनेत्री आहेत, पण त्यांची मारेकरी बाई आपण मजेदार आहोत हे जाणून वागते. रोझेंच्या मारीला ते ठाऊक नव्हतं. शिवाय खऱ्या डोंगरांची भव्यता कॅमेऱ्याला मोह घालते, आणि सराईच्या चार भिंतींचा दाब निघून जातो. चटचट तुटणारी दृश्यं हा तिसरा दोष. कबुलीनंतर साधूच्या चेहऱ्यावर जे पसरत जातं ते पाहायला एक लांब, न तुटणारं दृश्य लागतं. १९५१ च्या चित्रपटात ते आहे.

राहता राहिला शेवट. प्रवासी वाचतात, सराईवाले पकडले जातात, आणि निघालेली गाडी सराईवाल्यांनी खिळखिळा करून ठेवलेल्या पुलावरून दरीत कोसळते. अनेकांना हा शेवट उगाच क्रूर वाटतो, लेखकांनी जाता जाता मारलेली चापट. मला तो पटतो. रात्रभर एका माणसाला बोलायला बंदी होती, म्हणून सगळं अडलं असं आपण मानत आलो. पुलाच्या बाबतीत कुठलाही पवित्र नियम आड येत नव्हता. ज्यांना पूल ठाऊक होता ते पोलिसांच्या ताब्यात होते, शुद्धीवर होते, आणि वाट सुरक्षित आहे का हे त्यांना कोणी विचारलं नाही. निघायची घाई होती. गाडीत बसणाऱ्यांनी रात्री साधूचं ऐकलं नव्हतं, सकाळीही त्यांना कोणाचं ऐकायचं नव्हतं. चित्रपट पहिल्यांदा पाहताना लक्ष फेर्नांदेलवर राहतं, ते साहजिक आहे. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा त्याच्याकडे न बघता तो बोलत असताना समोरचे प्रवासी काय करतात ते बघा. कोणी ताटात बघतंय, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजतंय, कोणाचं लक्ष स्वतःच्या सामानाकडे आहे. ओताँ-लारा यांनी त्या मागच्या चेहऱ्यांवर बरीच मेहनत घेतली आहे.